टाळ्या मिळतात, टीका का मिळत नाही?

बेळगाव : थंडी पडली की तालुक्यातल्या गावांना साहित्य संमेलनांचे वेध लागतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा, बेळगुंदी अशी ही रांग. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन आणि कविसंमेलन. लोकवर्गणीतून मांडव उभा राहतो आणि शेतकरीबांधव, माहेरवाशिणी, शाळकरी पोरं सगळी येऊन बसतात.

या पत्रिकेत एक गोष्ट मात्र सहसा नसते. एका लेखकाने दुसऱ्याचे पुस्तक हातात घ्यावे आणि तो समोर बसलेला असताना काय जमले, काय फसले ते सांगावे, असे सत्र. पुस्तक प्रकाशनातही शाल, श्रीफळ आणि कौतुक. पुस्तक वाचलेय किती जणांनी, हे कुणी विचारत नाही.

चळवळीचे ओझे

याचे मूळ इथल्या इतिहासात आहे. 1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून सीमाभागात साहित्य आणि चळवळ एकाच मांडवात नांदत आली. संमेलन भरवणे हीच भाषेची लढाई. मग जो मराठीत लिहितो तो आपला, आणि आपल्या माणसाचे उणे चारचौघांत कसे काढायचे? ही भावना खोटी नाही. मराठी शाळांचे वर्ग रोडावत असताना एखादी शिक्षिका पदरमोड करून कवितासंग्रह काढते, तेव्हा तिला आधीच नाउमेद करू नये, असे वाटणारच.

पण मराठी साहित्य नुसत्या कौतुकावर वाढलेले नाही. ग्रंथकार सभेचे निमंत्रण 1885 साली महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. उच्चवर्णीयांच्या ग्रंथांत बहुजनांच्या व्यथा येत नाहीत, हा त्यांचा आक्षेप. पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहावर जमून एकमेकांच्या कविता वाचत आणि चर्चा करत. आचार्य अत्रे यांनी 1925 च्या ‘झेंडूची फुले’मध्ये त्याच काळातल्या कवितेची विडंबनातून खिल्ली उडवली. कलेसाठी कला म्हणणारे ना. सी. फडके आणि जीवनासाठी कला म्हणणारे वि. स. खांडेकर यांचा वाद तर वाचकांनीही वाटून घेतला. खांडेकर त्या काळात गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या शिरोड्यात मास्तरकी करत होते. म्हणजे वाद घालायला पुण्या-मुंबईतच राहावे लागते, असेही नाही.

नुकसान कुणाचे?

सीमाभागातल्या लेखकापुढचे काही प्रश्न दुसरीकडे नाहीत. पात्र ‘काय करुलालास?’ म्हणते आणि निवेदन थेट पाठ्यपुस्तकी होते, हा सांधा जुळतो का? कन्नड शब्द ओघात आलाय की चवीपुरता भुरभुरलाय? निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारे दिवंगत महादेव मोरे यांनी तंबाखू कामगारांचे, ड्रायव्हर-क्लीनरांचे जग याच सीमेवरच्या बोलीतून उभे केले. तसे जमलेय की नाही, हे ओळखणारा वाचक इथलाच हवा. महाराष्ट्रातला समीक्षक एक तर बोलीला चूक समजेल, नाही तर नवलाई म्हणून डोक्यावर घेईल. दोन्ही लेखकाच्या उपयोगाचे नाही.

म्हणजे ज्याला कळते तो भिडेपोटी गप्प, आणि जो बोलतो त्याला इथली भाषा कळत नाही. या दोघांच्या मध्ये लेखक आहे तिथेच राहतो. दुसरे पुस्तक पहिल्यासारखेच निघते आणि गठ्ठे घरात पडून राहतात.

एक तास पुरे

यासाठी नवी संस्था नको. शहरातल्या एका जुन्या संस्थेचे नावच वाङ्मय चर्चा मंडळ आहे. प्रत्येक संमेलनात एक तास, वर्षभरातली दोन पुस्तके आणि ती खरोखर वाचून आलेले दोघे, इतके पुरे. बोलणाऱ्याने पान उघडून दाखवावे आणि लेखकाला उत्तराची संधी मिळावी. गावातल्या गावात भीड पडत असेल, तर बडोदा, इंदूर, गोवा इथल्या मराठी लेखकांशी पुस्तकांची अदलाबदल करावी. परभाषेच्या शेजारात मराठी लिहिणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तो जुन्या ग्रंथांच्या जोरावर. आज लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांना असा दर्जा सरकार देऊ शकत नाही. त्यासाठी ती आधी आपल्याच माणसांनी वाचायला हवीत, आणि वाचल्यावर तोंडावर बोलायलाही हवे.