पिकतं तिथे तपासलं जात नाही

गेल्या गणपतीत तोयोसुतल्या आमच्या इमारतीच्या पार्टी रूममध्ये पंचवीस-तीस मराठी मंडळी जमली होती. आरती झाली, पानं वाढली आणि गप्पांची गाडी नेहमीप्रमाणे भाज्यांवर आली. एक वहिनी म्हणाल्या, "महाग असो, पण इथली भाजी डोळे मिटून खावी. तिकडे मेली सगळी औषधं मारलेली!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य सलत राहिलं. कारण 'तिकडे' माझी आई रोज पिशवी घेऊन मंडईत जाते, आणि 'तिकडे'च माझे मामा तासगावजवळ द्राक्षबाग करतात.

इथली भाजी डोळे मिटून खाता येते, कारण कोणीतरी डोळे उघडे ठेवून बसलेलं असतं. युरिकामोमेने शिजो-माए स्टेशनवर उतरलं की आपला तोयोसु बाजार. पाहुण्यांना काचेतून लिलाव दाखवायला आपण नेतोच. त्याच आवारात टोकियो महानगर सरकारचं बाजार-स्वच्छता तपासणी केंद्र आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तिथले निरीक्षक भल्या पहाटे बाजारात फिरतात, नमुने उचलतात, आणि भाज्या-फळांत कीटकनाशकांचे उर्वरित अंश (आपले शेतकरी ज्याला 'रेसिड्यू' म्हणतात) किती आहेत ते प्रयोगशाळेत मोजतात.

आणि हे जपानी माणसालाही देवाने आयतं दिलेलं नाही. २००२ मध्ये चीनहून आलेल्या गोठवलेल्या पालकात क्लोरपायरीफॉस मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, तेव्हा इथे मोठा गहजब झाला. मग कायदा बदलला आणि २९ मे २००६ पासून नवी पद्धत आली : ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ पीपीएम. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम! खुद्द तोयोसुचंच घ्या. बाजार ७ नोव्हेंबर २०१६ ला उघडायचा होता, पण जागा जुन्या गॅस कारखान्याची. उद्घाटन लांबलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये भूजलात बेंझिन प्रमाणाच्या ७९ पट निघालं. ते पाणी कोणी पिणार नव्हतं, भाज्या धुवायलाही वापरणार नव्हतं. तरी आकडा वर्तमानपत्रांत छापून आला, वाद झाले, पुन्हा कामं झाली आणि बाजार ११ ऑक्टोबर २०१८ ला उघडला. लोकांनी आकडा मागितला आणि सरकारला तो द्यावा लागला.

जपान म्हणजे धुतल्या तांदळाचा, असंही समजू नका. इथल्या चहाच्या पानांत डायनोटेफ्युरान या कीटकनाशकाची मर्यादा २५ पीपीएम आहे. युरोपच्या मोजपट्टीत ते बसत नाही, म्हणून तिकडे चहा पाठवणाऱ्या जपानी मळेवाल्यांना वेगळी फवारणी सांभाळावी लागते. तेव्हा मुद्दा जपानी आणि भारतीय असा नाहीच. कोणाच्या ताटासाठी मोजायचं, हा मुद्दा आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याला तपासता येत नाही, हे साफ खोटं आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल सापडलं आणि निर्यातदारांचं धाबं दणाणलं. तेव्हापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अंश-तपासणीची योजना उभी राहिली, तिची सूत्रं पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे आली, आणि २००६ पासून 'ग्रेपनेट'वर बाग न् बाग नोंदली जाऊ लागली. फळं वाटून लगदा करायचा, त्यातला अंश द्रावकात उतरवायचा आणि यंत्रात एका दमात शेकडो औषधं शोधायची : हे आपल्या पोरी-पोरांना उत्तम जमतं.

२०१० मध्ये ठेचही लागली. वेलीची वाढ रोखायला वापरतात ते क्लोरमेक्वाट युरोपात सापडलं आणि आपली द्राक्षं अडकली. आपल्या यादीत ते रसायनच नव्हतं! जे शोधायला सांगाल तेच प्रयोगशाळा शोधते, हा धडा महागात पडला. पण यादी सुधारली, काम पुढे चाललं.

मामांच्या बागेचे दोन तुकडे आहेत. निर्यातीच्या तुकड्याला नोंदणी क्रमांक, फवारणीची वही, काढणीआधी नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस. दुसऱ्या तुकड्यावर व्यापारी येतो, एक मणी तोंडात टाकतो, भाव पाडतो आणि क्रेट भरतो. मी विचारलं, "मामा, याची तपासणी?" मामा म्हणाले, "अरे, हा लोकल माल. लोकलला कोण विचारतंय?"

ही 'लोकल' म्हणजे तुमची-माझी आई.

सरकारची देशभर नमुने तपासण्याची योजना २००५-०६ पासून आहे, हे मान्य. पण तिचे आकडे आईच्या मंडईतल्या फळ्यावर मी तरी कधी पाहिले नाहीत. उलट एप्रिल २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, देशात नोंदणी नसलेल्या आणि वेगळी मर्यादा न ठरलेल्या कीटकनाशकांसाठी मसाल्यांतली मर्यादा ०.०१ वरून ०.१ वर नेली. दहापट! त्याच महिन्यात हाँगकाँगने भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं सांगून विक्री थांबवली, तेव्हा आपण आपापली पाकिटं उलटून बघितली. तिकडच्या घरांतल्या डब्यांचं काय?

"गरीब देशाला हे परवडत नाही," असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी आमच्या गावची डेअरी दाखवीन. रोज सकाळ-संध्याकाळ, दोन लिटर दूध घालणाऱ्या म्हातारीच्या दुधाचीही फॅट काढतात. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात. ज्यावर पैसे ठरतात ते आपण बिनचूक मोजतो. विष मोजून कोणाचा भाव ठरत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही. "धुऊन घ्या" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फळात उतरतं; ते नळाखाली जात नाही.

आणि कृपा करून शेतकऱ्याला खलनायक करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पहिला घोट त्याच्याच वाट्याला येतो. काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, हे त्याला बहुधा औषध विकणारा दुकानदारच सांगतो. तपासणी त्याला पकडण्यासाठी नको, सांगण्यासाठी हवी.

मंडळी, आपण दर वर्षी गावच्या कमानीला, शाळेच्या संगणकाला पैसे पाठवतो. चांगलंच आहे. यंदा आणखी एक करू या. एका नमुन्याच्या तपासणीला काही हजार रुपये लागतात, म्हणजे तोयोसुतल्या एका कुटुंबाचं बाहेरचं एक जेवण. सुट्टीत गेल्यावर गावच्या बाजारातली वांगी, द्राक्षं, मिरची, कोथिंबीर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. अहवाल आधी पिकवणाऱ्याच्या हातात ठेवा, त्याच्याशी बोला, आणि मग बाजार समितीला विचारा, की हे तुम्ही दर महिन्याला करून फळ्यावर का लावत नाही? एकट्याने विचारलं तर हसतील. मंडळाच्या शंभर घरांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

पुढच्या गणपतीत त्या वहिनींच्या वाक्यावर मी मान डोलावणार नाही. मामांच्या 'लोकल' तुकड्यातल्या द्राक्षांचा अहवाल खिशात घेऊन येईन. चांगला असो वा वाईट, पानं वाढून झाल्यावर वाचून दाखवीन. तुम्हीही तुमच्या गावचा आणा.