वय गाडीचे मोजायचे की ब्रेकचे?

जुन्या मोटारींविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिचा सारा रोख गाडीच्या वयावर असतो. गाडी कोणत्या साली घेतली, पंधरा वर्षे भरली की नाही, मोडीत केव्हा काढायची, हे प्रश्न पुनःपुन्हा विचारले जातात. गाडी वेळेवर थांबते की नाही, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीच्या जन्मसालाशी काही कर्तव्य नसते. ती थांबेल, एवढाच त्याचा विश्वास असतो. देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या साऱ्यांना नादुरुस्त ब्रेक कारण झाले असे कोणीही म्हणणार नाही. परंतु संकट टाळण्याचा चालकाचा निर्णय बहुधा ब्रेकमार्गेच अमलात येतो, हे विसरून चालणार नाही.

हा प्रश्न किती निकडीचा आहे, हे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी विशेष जाणवते. बंदरावरचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि मासळीच्या टेम्पोंतून रस्त्यावर ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी, या तिहेरी माऱ्यात लोखंड फार काळ तग धरीत नाही. येथील शिक्षक, कारकून वा लहान व्यापारी पतपेढीचे कर्ज काढून वापरलेली गाडी घेतो. आठवडाभर ती घरासमोर उभी असते आणि सुटीच्या दिवशी आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन येते. उभ्या गाडीचे लोखंड गंजते आणि त्या गंजाची परीक्षा घाटाच्या उतारावर होते. बाजारपेठेत विसाच्या वेगाने जाताना जो दोष जाणवत नाही, तो तेथे एकाएकी प्रकट होतो.

या दोषाचे मूळ बहुधा कॅलिपरमध्ये असते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी ही डिस्क आणि तिला दोन्ही अंगांनी पकडणारा चिमटा हा कॅलिपर. पायाच्या दाबाने ब्रेक ऑइल कॅलिपरमधील पिस्टनला ढकलते, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कवर दाबले जाते. पाय उचलताच पिस्टनभोवतीचे ताणलेले रबरी सील पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पिस्टनवरचे धूळरोधक रबर फाटले की आत खारट ओल शिरते, गंज धरतो आणि पिस्टन अडकू लागतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या, तर एकच पॅड झिजत राहते. अडकलेला कॅलिपर दोन प्रकारे दगा देतो: पकडतो तो सोडत नाही, किंवा पकडायचे तेव्हा पकडतच नाही.

या दुखण्याची लक्षणे ओळखण्यास इंजिनियर असावे लागत नाही. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाणे, जळका वास येणे, पेट्रोल अकारण अधिक लागणे, चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसणे, ब्रेक ऑइलची पातळी उतरणे, यांतील एकही लक्षण दुर्लक्षण्याजोगे नाही. फारसा ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि चाकांना स्पर्श न करता हाताची मागची बाजू त्यांच्याजवळ न्यावी. पुढच्या दोन चाकांपैकी एक दुसऱ्याहून स्पष्टपणे अधिक तापले असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर सोडत नसावा. गाडी उचलून चाक हाताने फिरविले असता जड जाते, यावरून हा संशय बळावतो.

तथापि येथेच घाई करू नये. जाणता मेकॅनिक अशा वेळी कॅलिपरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करतो. त्यासरशी चाक मोकळे झाले, तर दाब नळीत अडकला आहे असे समजावे. आतून फुगलेला रबरी पाइप किंवा मास्टर सिलिंडर हा खरा अपराधी होय. चाक तसेच जाम राहिले, तर पिस्टन वा पिना अडकल्या आहेत. या एका चाचणीने नको तो भाग बदलण्याचा खर्च वाचतो. पिना साफ करून, रबराला मानवणारे सिलिकॉन ग्रीस लावून भागत असेल तर कॅलिपर बदलण्याचे कारण नाही. पिस्टन गुळगुळीत असेल तर सील किट पुरते. पिस्टन वा त्याचे घर गंजाने खडबडीत झाले असेल, तर मात्र कॅलिपर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. अशा पिस्टनवर नवे सील बसविणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे होय.

प्रत्येक वाचकाने स्वतः पाना हाती घ्यावा, असे येथे सुचवावयाचे नाही. काम नीट झाले की नाही हे ओळखता यावे, एवढाच हेतू आहे. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली घोडी लावलेली हवी. काढलेला कॅलिपर रबरी पाइपावर लोंबकळत सोडता कामा नये. जोडावरील तांब्याचे वायसर नवे हवेत आणि पॅड एका चाकाचे न बदलता समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे बदललेले हवेत. शेवटी हवा पूर्णपणे काढून, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून, मगच गाडी हलवावी. ब्रेक ऑइलच्या बाबतीत किनाऱ्यावरील माणसाने अधिकच दक्ष राहावे, कारण ते हवेतील ओल शोषून घेते. डॉट ४ जातीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये असे ऑइल उकळले की त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा अनाठायी खर्च नव्हे.

इतके सारे उघड असताना ब्रेकची हेळसांड का होते? केवळ बेफिकिरी हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला ते नसतात, तेव्हा चांगल्या मालाला योग्य भाव मिळत नाही व वाईट माल बाजारात उरतो. या सिद्धांताच्या विवेचनासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या सेकंडहँड बाजारात नेमके हेच घडते. रंग, सीटकव्हर आणि संगीतयंत्र डोळ्यांना दिसते. कॅलिपर चाकाआड लपलेला असतो. त्यावर केलेल्या खर्चाची किंमत विकताना मिळत नाही, म्हणून तो खर्च पुढच्या मालकावर ढकलला जातो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मिरकरवाड्याचे मच्छीमार जून-जुलैतील मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, डागडुजी करतात. त्यांना हे सांगायला कोणी सरकारी अधिकारी यावा लागत नाही, कारण होडीला भोक पडले तर बुडणारा तो स्वतः असतो. मोटारीच्या ब्रेकचे तसे नाही. तो निकामी झाला तर अनेकदा बळी जातो तो सायकलवरच्या विद्यार्थ्याचा किंवा पाटी घेऊन चाललेल्या मासेविक्रेतीचा. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती असते तेथे व्यक्तीच्या सद्बुद्धीवर सारे सोपविता येत नाही; समाजाला हस्तक्षेप करावाच लागतो.

आपला हस्तक्षेप मात्र चुकीच्या जागी होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे टिकते. तेवढ्या काळात धुराची तपासणी होते, पण ब्रेकची सक्तीची तपासणी एकदाही नाही. किनाऱ्यावर कॅलिपर गंजण्यास याहून कितीतरी कमी काळ पुरतो. पंधरा वर्षे उलटताच मात्र सारे लक्ष वयाकडे वळते. १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. शुल्क वाढविल्याने कोणाचाही ब्रेक सुधारत नाही. उलट दुरुस्तीसाठी राखलेले पैसे शुल्कात जातात. ब्रिटनने १९६० सालीच जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू केली. आज तेथे सर्वसाधारण मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासली जाते. जपानमध्ये तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तपासणी होते.

यावर असा आक्षेप येईल की, तपासणी म्हणजे आणखी एक दाखला, आणखी एक रांग आणि आणखी एक चिरीमिरी. हा आक्षेप अनाठायी नाही. म्हणूनच तपासणी यंत्राने व्हावी, प्रत्येक चाकाच्या ब्रेकशक्तीचा आकडा छापील कागदावर मालकाच्या हाती पडावा आणि तपासणाऱ्याला सुटे भाग विकण्याची मुभा नसावी. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत पाच वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी पावसाळ्यानंतर अशी वार्षिक तपासणी माफक शुल्कात सुरू करावी आणि गाडी विकताना हा कागद जोडणे बंधनकारक करावे. अकेरलॉफ यांनी दाखविलेली दरी अशाच उपायाने बुजते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांवरील कर १८ टक्क्यांवर आला हे खरे. परंतु पॅड, सील आणि कॅलिपर हे चैनीचे जिन्नस नसल्याने त्यांवरील कर आणखी उतरविणे न्याय्य ठरेल. बिलाशिवाय विकल्या जाणाऱ्या बनावट मालाचे आकर्षणही त्यामुळे घटेल.

जुनी गाडी वापरणे हा गुन्हा नव्हे. मध्यमवर्गीय कुटुंबाची ती बहुधा गरजच असते. नीट राखलेली वीस वर्षांची गाडी रस्त्यावर सुरक्षित असू शकते आणि कॅलिपर गंजलेली सात वर्षांची गाडी प्राणघातक ठरू शकते. शासनाने गाडीच्या वयावर शुल्क आकारण्यापूर्वी तिचे ब्रेक तपासण्याची सोय करावी. तोवर निदान घाट उतरण्याच्या आदल्या दिवशी चाकाआड एकदा डोकावून पाहणे, हे प्रत्येक मालकाचे रस्त्यावरील अनोळखी माणसाप्रती असलेले किमान कर्तव्य आहे.