जखमेला पाप म्हणू नका

‘कष्टांनीच माणूस घडतो’ हे वाक्य आपण घराघरांत आणि प्रवचनपीठावरूनही इतक्या वेळा उच्चारले आहे की, ते शुभवर्तमानाइतके प्रमाण वाटू लागले आहे. ते अर्धसत्य आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपताच मजुरीसाठी नागपूरची वाट धरणारे बाप आहेत, दिवसभर विड्या वळणाऱ्या माता आहेत. त्यांच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु ज्या घरात सायंकाळी दारू प्यालेल्या बापाची चाहूल लागताच मुले कोपरा धरतात, त्या घरात मूल घडत नाही; भेदरते. तेच मूल चाळिशीत निद्रानाश, संताप आणि खिन्नता घेऊन धर्मगुरूकडे येते. आपण सांगतो : “जुने विसरा, जपमाळ म्हणा.” हा उपदेश मीही केला आहे. तो अपुरा होता.

अमेरिकेतील डॉ. फेलिट्टी व डॉ. अँडा यांनी १९९८ साली हजारो प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. मारहाण, अवहेलना, घरातील व्यसन, आईवरील अत्याचार अशांपैकी चार वा अधिक प्रकारचे आघात बालपणी सोसलेल्यांत मद्यासक्ती, खिन्नता व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट आढळला. याला श्रद्धेची उणीव म्हणायचे काय?

कोणी म्हणतील, “मग चौथ्या आज्ञेचे काय?” संत पौलाने कलस्सैकरांना लिहिताना मुलांबरोबर पित्यांवरही बंधन घातले आहे. घडलेले सत्य सांगणे हा आईबापांचा अवमान नव्हे.

पापनिवेदनात पापाची क्षमा मिळते. पण मार खाणे हे पाप नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेतून तो निर्बंध गेला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक विकाराने त्या कृत्याची जबाबदारी कमी होते, हे मान्य केले. ख्रिस्तसभा शिकू शकते, मग आपण का नाही?

नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ या क्रमांकावर शासनाचे विनामूल्य समुपदेशन मिळते. तेथे जाण्यात लाज कसली? आणि आज ज्यांच्या घरी मुले लहान आहेत, त्यांनी उगारलेला हात आजच खाली घ्यावा.

जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्न बाजूला सारला आणि त्याच्या डोळ्यांना चिखल लावला. आपण अजून त्या प्रश्नापाशीच उभे आहोत.