बुरशीचे बारसे वाया जात नाही

टोकियोतील एका रुग्णाच्या कानात सापडलेल्या यीस्टचे ‘कँडिडा ऑरिस’ या नावाने जपानी संशोधकांनी २००९ साली वर्णन केले. दोनच वर्षांनी दक्षिण कोरियातील डॉक्टरांना रक्तसंसर्गाच्या तीन रुग्णांत हीच बुरशी आढळली आणि त्यातला एक नमुना चक्क १९९६चा निघाला. म्हणजे नाव मिळण्याआधी तेरा वर्षे ती माणसाच्या रक्तात होती, फक्त कुणी तिला ओळखत नव्हते. पुढे दिल्लीतल्या रुग्णालयांतही नेहमीची यंत्रे तिला ‘कँडिडा हेम्युलोनी’ समजत राहिली; यंत्राच्या यादीत जे नाव नाही, ते यंत्र सांगणार कसे? अनेक औषधांना दाद न देणारी ही बुरशी २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत धोकादायक गटात गेली. नव्या प्रजातीचे वर्णन म्हणजे हौशी अभ्यासकांची नोंदवही, असे मानणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

डीएनए वाचणारी यंत्रे स्वस्त झाली असताना नमुने सुकवत, गोठवत बसायचे कशाला, हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. मातीच्या चिमूटभर नमुन्यात कुणीही न पाहिलेल्या शेकडो बुरशांचे डीएनए मिळते हे खरेच. अंदाजे पंचवीस लाख प्रजातींपैकी जेमतेम दीड लाखांना नावे आहेत. पण नुसत्या डीएनएच्या अक्षरमाळेवर औषधाची चाचणी होत नाही. बुरशी किती तापमानात वाढते, हेही त्यातून खात्रीने कळत नाही. शिवाय वाचनात चूक झाली, तर पडताळायला हातात काहीच उरत नाही. केवळ डीएनएच्या आधारे नाव देण्याचा प्रस्ताव २०१८च्या जागतिक बुरशीशास्त्र परिषदेने फेटाळला, तो हट्टापायी नव्हे. कोरियातला १९९६चा नमुना कुणी फेकून दिला असता, तर तो मागचा दुवा सापडलाच नसता.

एकाच प्रजातीचे तुकडे पाडून शोधनिबंध वाढवले जातात, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिचा निवाडाही जपलेल्या नमुन्यांशी ताडूनच होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा बुरशीसंग्रह आहे. रुग्णालयांना पैसे अपुरे असताना संग्रहांना का द्यायचे, असे विचारणाऱ्यांना उत्तर एवढेच, की चुकीच्या नावावर दिलेल्या औषधाचा खर्चही रुग्णालयच सोसते. वैद्यकीय महाविद्यालयांनी न ओळखता आलेले नमुने अशा संग्रहांकडे पाठवावेत आणि ते सांभाळणाऱ्यांना कायमची पदे मिळावीत.