आठ कोर असूनही पॅकेट निसटतं कसं?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरचा सायबर हल्ला आठवतोय? ११ आणि १३ ऑगस्ट २०१८, एकूण ९४ कोटींचा फटका. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. भारतात जिथून निघाले त्यात आमचं कोल्हापूरही होतं: बनावट कार्डांनी ८९ लाखांच्या आसपास रोकड इथून गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

मला त्यात चोरांपेक्षा नेटवर्कचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही कार्ड घातलं की एटीएमची विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते आणि स्विच कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात पैसे आहेत का. (बँकवाले कोअर बँकिंगला सीबीएस म्हणतात. कोल्हापूरकराला सीबीएस म्हटलं की एसटी स्टँडच दिसतो, तो भाग वेगळा.) हल्लेखोरांनी एक खोटा स्विच उभा केला आणि तोच 'हो, द्या पैसे' सांगत राहिला. खऱ्या खात्यांना पत्ताच नाही. म्हणजे बँकेच्या आत कोण कोणाशी बोलतंय, हेच बदललं होतं.

हे बोलणं ऐकत बसणारं सॉफ्टवेअर असतं. त्याला इन्ट्रूजन डिटेक्शन सिस्टम, थोडक्यात आयडीएस म्हणतात. १९९८ मध्ये आलेलं स्नॉर्ट हे त्यातलं गाजलेलं नाव, पण पॅकेट तपासायला त्याचा एकच थ्रेड. २०१० मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेलं सुरिकाटा सुरुवातीपासूनच अनेक थ्रेडवर चालतं. स्नॉर्टने २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तोच रस्ता धरला.

का धरला, ते आकड्यांत बघा. १ गिगाबिटची लाईन पूर्ण आकाराच्या पॅकेट्सनी भरली, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेट्स येतात. सगळी सगळ्यात लहान आकाराची असतील तर १४.८८ लाख, म्हणजे एका पॅकेटला एक मायक्रोसेकंदसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात ते उलगडायचं, आधीच्या पॅकेटला जोडायचं, हजारो नियमांशी ताडायचं. जमलं नाही की बफर भरतो आणि पुढची पॅकेट्स न तपासता सुटतात. अलार्म वगैरे काही वाजत नाही.

मग कोर वाढवा की! तुमच्या फोनमध्येच आठ असतात. पण गोची इथेच आहे. साखर कारखान्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या येतात. एक ट्रॉली या काट्यावर आणि दुसरी त्या काट्यावर नेली, तर एकूण ऊस किती हे कुठल्याच काट्याला कळणार नाही. पॅकेट्सचंही तसंच. हल्ल्याची खूण अर्धी एका पॅकेटमध्ये, अर्धी पुढच्यात असू शकते. म्हणून एका संभाषणाची सगळी पॅकेट्स एकाच थ्रेडकडे जायला हवीत. त्यासाठी पाठवणारा आणि घेणारा यांचे आयपी पत्ते, दोघांचे पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टींवरून एक हॅश काढतात आणि त्यावरून थ्रेड ठरतो.

यात एक खोच आहे. उत्तर येताना पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते. नेटवर्क कार्डाचा हॅश दोन्ही दिशांना सारखा येईल असं सेटिंग नसेल, तर प्रश्न तिसऱ्या थ्रेडकडे आणि उत्तर सहाव्याकडे. दोघांनाही अर्धीच गोष्ट ऐकू येते.

दुसरी अडचण मोठ्या प्रवाहाची. रात्रीचा बॅकअप म्हणजे एकच लांबलचक संभाषण, म्हणून तो एकाच थ्रेडवर जातो. तो कोर १०० टक्के, बाकीचे सात निवांत. सरासरी बघाल तर १२-१३ टक्के, सगळं छान! पण त्या थ्रेडच्या वाट्याला आलेली इतर संभाषणंही गळत असतात. ओळखीचा बॅकअप तपासणीतून वगळता येतो, पण काय वगळायचं हा निर्णय सुरक्षेचा आहे, तो वेगासाठी घाईत घेऊ नये.

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट आणली. कोल्हापूर तर सहकाराचा जिल्हा, इथे गल्लोगल्ली पतसंस्था आणि बँका. माझं स्पष्ट मत: आयडीएस बसवलाय का, हा प्रश्न अपुरा आहे. किती पॅकेट्स गळाली, हे विचारा. सुरिकाटा हा आकडा स्वतःच मोजतं, 'कर्नल ड्रॉप्स' या नावाने. तो रोज बघणारा माणूस मात्र पगारावर ठेवावा लागतो.

आता बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे आतला मजकूर आयडीएसला दिसत नाही. पण कोण कोणाशी, कधी आणि किती वेळ बोललं, हे तरीही दिसतं. आणि स्विच व कोअर बँकिंगमधलं बोलणं एकाएकी थांबलं, तर तेही याच नोंदींत सापडतं.