गाडी घेतली, पण जॅक पाहिला का?

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दोन कुटुंबे मिळून एकाच गाडीने नागपूरला गेलो होतो. गाडी सात आसनी, जुनी विकत घेतलेली. परतताना दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीवरून घेतलेल्या पुस्तकांचे गठ्ठे डिकीत भरले. रात्री अकराच्या सुमारास बाळापूर मागे टाकले आणि खामगावकडे जाताना मागचे डावे चाक बसले.

सोबत दोन लहान मुले आणि आमच्या वृद्ध मातोश्री. जॅक काढून पाहतो तर तो कुठल्यातरी लहान गाडीचा! आधीच्या मालकाने बदलला असावा. तो पुरता वर चढवला तरी चाक जमीन सोडीना, उलट जॅकच कडेच्या काळ्या मातीत रुतू लागला. एक ट्रकवाले सरदारजी थांबले. त्यांनी आपला जॅक दिला, पण तो मुळातच इतका उंच, की चाक बसल्यामुळे खाली आलेल्या आमच्या गाडीखाली तो शिरेना. शेवटी त्यांनीच आमच्यातल्या एकाला पुढच्या ढाब्यापर्यंत नेले आणि तेथून पंक्चरवाला झोपेतून उठून आला. चाक उतरल्यावर कळले, की स्टेपनीतही हवा नाही. रात्रीचा एक वाजला होता. आमची धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी घेताना तुम्ही रंग पाहिला, गाणी वाजवून पाहिली. जॅक कोणी पाहिला होता?"

उत्तर आमच्याजवळ नव्हते. म्हणून हा लेख.

जॅक घेताना लोक फक्त टन विचारतात. टन पाहावाच. लहान गाडीला एक टनाचा चालतो, भरलेल्या सात आसनी गाडीला दोन टनांखालचा घेऊ नये. परंतु आम्हाला त्या रात्री नडली ती उंची. जॅकच्या दोन उंची असतात. मिटलेला असताना तो बसलेल्या चाकाच्या गाडीखाली शिरला पाहिजे, आणि पूर्ण चढल्यावर हवा भरलेली स्टेपनी आत बसेल इतकी गाडी उचलली गेली पाहिजे. बसलेल्या चाकापेक्षा भरलेल्या चाकाला जागा अधिक लागते, हे ध्यानात येत नाही. तेव्हा दुकानात टेप घेऊन जा, दुकानदार हसला तरी हसू द्या. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक हलका असतो आणि आटे स्वच्छ ठेवून ग्रीस लावले तर वर्षानुवर्षे टिकतो. ऑइलच्या बाटली जॅकला जोर कमी लागतो, त्यामुळे घरातील स्त्रियांना आणि वडीलधाऱ्यांना तो सोयीचा, मात्र तो आडवा टाकून ठेवला तर काही जॅकमधून तेल झिरपते. चाकांचा ट्रॉली जॅक उत्तम, पण वजनदार. तो घरी अंगणातच शोभतो. जॅक कोणताही असो, त्याखाली ठेवायला जाड लाकडी फळीचा तुकडा डिकीत असू द्या. काळ्या मातीला दुसरा उपाय नाही.

त्याच डिकीत चांगला लांब पाना, टॉर्च, दोन ठोकळे आणि लाल त्रिकोण हवा. सीएनजीच्या गाड्यांत टाकीमुळे जागा जाते, म्हणून कित्येकजण स्टेपनी घरीच ठेवतात. तसे करू नये. २०२० साली नियम बदलल्यापासून काही नव्या गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चर काढायचा संच मिळतो. खिळ्याच्या भोकाला तो ठीक आहे, टायर बाजूने फाटला तर त्याचा उपयोग नाही. गाडी घेताना हे विचारून घ्या. समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे भर वेगात चाक गेले तर जवळ पंक्चरवाला कुठून मिळणार? प्रवासाआधी चाके थंड असताना स्टेपनीसह पाचही चाकांची हवा पाहावी. टायरवरच्या चार आकड्यांत त्याचा जन्म लिहिलेला असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

हे सर्व आम्ही आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर बोललो. एक बंधू म्हणाले, "हे मेकॅनिकचे काम, आपण का हात काळे करायचे?" आम्हाला चाळीसगाव आठवले. १९२९ साली तिथल्या टांगेवाल्याने बाबासाहेबांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला. हाकायला बसला तो आपलाच माणूस, ज्याला टांगा हाकण्याची सवयच नव्हती. नदीवरच्या मोरीच्या दगडाला चाक धडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. त्यांनी स्वतःच हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. त्या बांधवांच्या मनात प्रेम होते, हाताला सराव नव्हता. आज आपल्या दारात स्वतःची गाडी आहे, मग सराव का नसावा?

तेव्हा पुढच्या रविवारी विहाराच्या पटांगणात चाक बदलण्याचा वर्गच घेतला. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची, तिरप्या बाजूच्या चाकाला ठोकळे लावायचे. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, थोडे सैल करायचे. गाडी उचलल्यावर जोर केला तर ती जॅकवरून घसरते. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेखालीच लावायचा. नट आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे घ्यायचे आणि शंभरएक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाहायचे. गाडीत माणूस नको, गाडीखाली तर हातही नको. महामार्गावर मुलांना आधी कठड्यापलीकडे उभे करावे, आणि चाक वाहतुकीच्या बाजूचे असेल तर हट्ट न करता १०३३ किंवा ११२ वर फोन करावा.

सर्वात आधी चाक बदलले ते महिला मंडळाच्या एका ताईंनी, पदर खोचून, पाय पान्यावर देऊन. त्या दिवशी पटांगणात चार गाड्या होत्या. दोघांच्या स्टेपनीत हवा नव्हती. तिसऱ्याच्या डिकीत पाना नव्हता. 'हात का काळे करायचे' म्हणणाऱ्या बंधूंच्या गाडीत मात्र सगळे जागच्या जागी होते, कारण ते त्यांच्या सुनेने ठेवले होते.