पळणं थांबल्यावर पुढं काय?

परवा फलटणच्या एसटी स्टँडवर एक बाई भेटल्या. सोबत आठवीतली लेक, खांद्याला हॉकी स्टिकची पिशवी. पोरगी सकाळी पाचला उठून मैदानावर जाते, याचं कौतुक सांगता सांगता बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "खेळती चांगली हो ताई, पर पुढं काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या भागात तो आता घराघरांत विचारला जातो. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या आपल्या फलटण तालुक्यातल्या मुली भारताकडून हॉकी खेळल्या. मग बाकीच्या पोरींनाही वाटतंच की, आपण का नाही? पण या मुलींची कारकीर्द अजून चालू आहे. 'पुढं काय'चं उत्तर हवं असेल तर जिचं खेळणं संपलंय तिच्याकडे बघायला हवं. अशी एक आपल्या शेजारच्याच माण तालुक्यात आहे, मोहीची ललिता बाबर.

ललिता १९८९ची. घर शेतकऱ्याचं, तालुका दुष्काळी. शाळेत ती खो-खो खेळायची, मग लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. नाव झालं, बक्षिसं मिळाली. एखादी तिथेच रमली असती. ललिता मात्र स्टीपलचेसकडे वळली. तीन हजार मीटर पळायचं आणि वाटेत अठ्ठावीस अडथळे ओलांडायचे. शिवाय सात वेळा अडथळ्यापलीकडच्या पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. (माणदेशातल्या पोरीला पाण्याची उडी शिकावी लागली, यावर हसावं की काय करावं!)

पुढचं सगळं भराभर घडलं. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ब्राँझ, २०१५ला वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी आणि २०१६ला अर्जुन पुरस्कार. २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर तब्बल ३२ वर्षांनी एक भारतीय बाई ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीत उभी होती. त्या शर्यतीत ललिता दहावी आली. तेव्हा तिचं वय होतं सत्तावीस.

सत्तावीस! नोकरदार माणसाचं त्या वयात कुठे बस्तान बसायला लागतं. खेळाडूची मात्र तोवर सर्वात मोठी शर्यत पळून झालेली असते. विक्रमाचं म्हणाल तर तोही कुणाचा राहत नाही. ललिताचा विक्रम २०२३ला पारुल चौधरीने बुडापेस्टमध्ये मोडला. मग हातात काय राहिलं?

राहिली ती नोकरी. पळत होती तेव्हा ललिता रेल्वेत होती. महिन्याचा पगार आणि सरावाला वेळ मिळत होता, म्हणून ती एवढं पळू शकली. नंतर महाराष्ट्र शासनाने तिला थेट उपजिल्हाधिकारी पदावर घेतलं. म्हणजे एका नोकरीने तिला पळू दिलं आणि दुसरी पळणं थांबल्यावर मिळाली. आपण टाळ्या वाजवतो पदकाला, पण मला विचाराल तर घरच्यांनी लक्ष द्यावं ते या दोन नोकऱ्यांकडे.

मुलांना या बाबतीत लष्कराचं दार पूर्वीपासून उघडं आहे. स्टीपलचेसचा अविनाश साबळे आणि आपल्या सरड्याचा तिरंदाज प्रवीण जाधव, दोघंही लष्करातले. मुलींना खेळाडू म्हणून लष्करात घ्यायला अगदी अलीकडे सुरुवात झालीय. तोवर त्यांना आधार होता तो रेल्वे आणि पोलीस खात्याचाच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरं, पण थेट अधिकारी होणारी ललितासारखी एखादीच. बाकीच्यांना प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. मध्यंतरी बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तर ती जास्तच काटेकोर झालीय. शिवाय मोठ्या पदाला शिक्षणही लागतं. सरावाच्या पायी पोरगी कॉलेजला जातच नसेल, तर पदक असूनही ती खालच्या पदावर अडकते. याची काळजी प्रशिक्षक क्वचितच करतात. ती आईलाच करावी लागते.

एवढं सगळं काही मी स्टँडवर बोलले नाही. बाईंना फक्त विचारलं, "प्रमाणपत्रं कुठं ठेवलीत?" म्हणाल्या, "ट्रंकेत हायत की, साड्यांच्या खाली." म्हटलं, "झेरॉक्स काढून वेगळी फाईल करा, आणि दहावीचं वर्ष बुडू देऊ नका." तेवढ्यात त्यांची गाडी लागली. पोरगी आधीच आत जाऊन खिडकीची जागा धरून बसली होती.